झाडाखाली कुजणारे फळ आणि घरचे सरबत



मार्च ते जून हे चार महिने आपल्या भागात फळांचे असतात. गोवा, खानापूर, चंदगड, सावंतवाडी या पट्ट्यात आधी काजू येतो, मग करवंदे आणि रातांबे, आणि पाऊस तोंडावर आला की जांभळे. या फळांपैकी किती आपल्या पोटात जाते आणि किती मातीत जाते, याचा हिशेब एकदा अवश्य करून पाहावा. काजूची बी आपण जपून वेचतो, कारण तिला भाव आहे. पण बीच्या पाचपट ते दहापट वजनाचा बोंडू, दारूच्या भट्टीकडे गेला नाही तर, बहुतेक बागांत झाडाखालीच सडतो. आमसुले वाळत घातली आणि जूनचा पाऊस चार दिवस आधी आला, तर सगळ्या घरादाराची मेहनत बुरशीला जाते. मग त्याच महिन्यात आपण दुकानातून रंगीत पाण्याच्या बाटल्या पैसे मोजून आणतो.

या फळांचा रस वर्षभर टिकवणे घरच्या चुलीवर होण्यासारखे काम आहे. त्याला यंत्र लागत नाही; तराजू, स्वच्छ बाटल्या आणि थोडी शिस्त लागते. मात्र एक गोष्ट आरंभीच सांगून ठेवतो, कारण या लेखाचे सारे सार तिच्यात आहे. पाकातली साखर ही बाटलीसाठी आहे, पेल्यासाठी नाही. बाटलीत पाक दाट हवा, पेल्यात तो पातळच हवा. पहिले विसरले तर पाक नासतो. दुसरे विसरले तर माणसाची प्रकृती बिघडते.

फळ का नासते, पाक का टिकतो?

फळाचा रस उघडा ठेवला की हवेतले आणि सालीवरचे सूक्ष्म जंतू त्यात वाढू लागतात. किण्व, म्हणजे यीस्ट, साखर खाऊन दारू आणि वायू तयार करते. त्यानंतर दुसऱ्या प्रकारचे जंतू हवेच्या साहाय्याने त्या दारूचे आम्ल बनवतात. हेच ते अ‍ॅसिटिक आम्ल, आणि पाण्यातले त्याचे सौम्य रूप म्हणजे शिरका ऊर्फ व्हिनेगर. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनी शिरक्याचा बारकाईने अभ्यास करून १८६८ साली त्यावर पुस्तकच लिहिले. पण आपला रेंदेर माडाची सूर काढून तिचा शिरका करीत आला, तो पुस्तक वाचून नव्हे.

जंतूंना जगायला पाणी लागते. रसात साखर पुरेशी घातली की ती पाणी बांधून ठेवते आणि जंतूंना ते मिळत नाही. शंभर ग्रॅम पाकात ६५ ग्रॅमच्या पुढे साखर असेल तर बहुतेक जंतूंचे तेथे काही चालत नाही. दुसरा रक्षक म्हणजे आंबटपणा. फार आंबट पदार्थात घातक जंतू वाढू शकत नाहीत. तिसरा रक्षक उष्णता. घरचा चांगला पाक या तिघांच्या भरवशावर टिकतो. एकाला कमी केले तर उरलेल्या दोघांवर जास्त भार पडतो, हे ध्यानात ठेवावे.

म्हणूनच साखर ‘अंदाजाने’ घालू नये. वाटीने मापू नये, तराजूने तोलावी.

तयारी

१. भांडी स्टेनलेस स्टीलची, काचेची किंवा न टवका उडालेल्या एनॅमलची घ्यावीत. बरणी चिनी मातीची चालेल. बिनकल्हईची तांब्या-पितळेची भांडी आणि अ‍ॅल्युमिनियम आंबट रसाला मुळीच वापरू नये. आम्लाने धातू विरघळतो आणि रसाबरोबर पोटात जातो.

२. बाटल्या लहान घ्याव्यात. साबणाने धुऊन, मोठ्या पातेल्यात तळाशी फडके घालून, थंड पाण्यात ठेवाव्यात आणि मग ते पाणी उकळावे. उकळी आल्यावर वीस मिनिटे ठेवाव्यात. झाकणेही उकळावीत.

३. फळ पिकलेले, पण सडलेले नसावे. अर्धे नासलेले फळ ‘तेवढा भाग कापून’ घालण्याचा मोह टाळावा. पाक करून वाईट फळ चांगले होत नाही.

४. फळे वाहत्या, पिण्याच्या पाण्याने धुवावीत.

अमृत कोकम

रत्नागिरीकडे ज्याला रातांबा म्हणतात, गोव्यात भिरंड आणि कन्नड मुलखात मुरुगल, ते हे फळ. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने याची ‘कोकण अमृता’ नावाची जात दिली आहे. पण रानातल्या जुन्या झाडाच्या फळाचाही पाक उत्तम होतो.

पूर्ण लाल झालेली फळे धुऊन, पुसून, कोरडी करावीत. अर्धी कापून गर व बिया वेगळ्या काढाव्यात. सालींचे वजन करावे. एक किलो सालींना दोन किलो साखर घ्यावी. कोरड्या बरणीत आधी साखरेचा थर, मग साली, पुन्हा साखर, असे थर द्यावेत. सर्वांत वर साखरच यावी. तोंडाला स्वच्छ फडके बांधून बरणी आठ दिवस उबेला ठेवावी. रोज एकदा कोरड्या लाकडी किंवा स्टीलच्या पळीने तळापासून ढवळावे. साखर सालींतले पाणी ओढून घेते आणि गडद लाल पाक सुटतो. साखर सगळी विरघळली की पाक गाळून बाटल्यांत भरावा. चवीला भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि मीठ घालावे.

हा पाक उकळू नये. कोकमाचा सुंदर लाल रंग उष्णतेने आणि उजेडाने फिका पडतो. कोकम मुळातच अतिशय आंबट असते आणि साखर दुप्पट असते, म्हणून येथे उकळण्याची गरज पडत नाही. बाटल्या अंधाऱ्या फडताळात ठेवाव्यात.

पाक काढून उरलेल्या साली टाकू नयेत. त्या वाळवून आमटीत घालाव्यात किंवा मुलांना तशाच खायला द्याव्यात. बियांपासून निघणारे कोकमेल, ज्याला गोव्यात भिरंडेल म्हणतात, ते पायांच्या भेगांना लावायला आपल्या घरांत पूर्वीपासून वापरतात.

काजूच्या बोंडूचा पाक

काजू पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात ब्राझीलहून आपल्या किनाऱ्याला आला. गोव्यात बोंडूपासून हुर्राक आणि फेणी होते हे सर्वांना ठाऊक आहे. पण पिळून निथळलेला ताजा नीरो आवडीने पिणारी घरेही पुष्कळ आहेत. बोंडूत ‘क’ जीवनसत्त्व संत्र्याच्या कितीतरी पट असते. अडचण एकच. बोंडूत तुरट द्रव्य असते, त्याने घसा धरतो. ते काढले की उत्तम पाक होतो.

त्याच दिवशी पडलेले किंवा काढलेले, न फुटलेले बोंडू घ्यावेत. बोंडू एका दिवसात नासू लागतो, म्हणून हे काम उद्यावर टाकू नये. बी पिळून वेगळी करताना तिच्या सालीतले तेल बोंडूला वा हाताला लागू देऊ नये. त्याने कातडी भाजते. बोंडू धुऊन दहा-पंधरा मिनिटे वाफवावेत. निवल्यावर चिरून, स्वच्छ फडक्यात घालून पिळावेत. सुरी स्टीलचीच हवी, कारण लोखंड लागले की तुरट रस काळा पडतो.

एक लिटर रसाला पाच ग्रॅम साबुदाण्याचे पीठ थोड्या पाण्यात शिजवून, निववून, रसात मिसळावे. भांडे झाकून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावे. तुरट द्रव्य साबुदाण्याला चिकटून तळाशी बसते. सकाळी वरचा निवळ रस न हलवता दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यावा. उन्हाळ्यात हा रस बाहेर ठेवला तर रात्रीतून आंबेल. ज्यांच्याकडे फ्रीज नाही त्यांनी साबुदाणा सोडून द्यावा, वाफवून काढलेला रस दोनदा गाळून लगेच पाक करावा. त्याला किंचित तुरटपणा राहील, इतकेच.

एक लिटर रसाला दोन किलो साखर आणि वीस ग्रॅम सायट्रिक आम्ल, ज्याला दुकानदार लिंबाचे फूल म्हणतात, ते घालावे. मंद आंचेवर साखर विरघळेपर्यंत ढवळावे. कडेला बुडबुडे दिसू लागले की उतरवावे; फार उकळले तर जीवनसत्त्व जाते आणि वासही बदलतो. गरम पाक गरम बाटल्यांत भरून लगेच झाकण लावावे.

शिरक्याचे पाक

विंदालू आणि सोरपोतेल यांत माडाचा शिरका आपण सारेच घालतो. पण शिरका पिण्यासाठीही असतो, हे आपल्याकडे फारसे कोणी लक्षात घेत नाही. ही चाल मात्र फार जुनी आहे. रूथच्या पुस्तकात सातूच्या कापणीच्या वेळी बवाज रूथला मजुरांबरोबर जेवायला बसवतो आणि भाकरीचा घास शिरक्यात बुडवून खायला सांगतो. उन्हात राबणाऱ्या माणसाला आंबट हवेसे वाटते, हे त्या काळच्या शेतकऱ्यालाही माहीत होते. इराणात शिरका आणि मध यांचे ‘सिकंजबीन’ नावाचे पेय प्रसिद्ध आहे; उत्तर हिंदुस्थानातली ‘शिकंजी’ हे नाव त्यावरूनच आले. इंदूर-ग्वाल्हेरकडे राहणाऱ्या आपल्या बांधवांना जांभळाचा आणि उसाचा सिरका परिचयाचा असेलच.

शिरक्याच्या पाकाचा मोठा गुण असा की, त्यात आंबटपणा भरपूर असल्यामुळे साखर निम्म्यावर आणता येते. जांभूळ, करवंद, अननस, आंबा, सर्वांना एकच रीत चालते.

एक किलो पिकलेले फळ घ्यावे. जांभळाच्या बिया काढाव्यात, करवंदे ठेचावीत, अननस बारीक चिरावा. फळ काचेच्या बरणीत घालून वर अर्धा लिटर शिरका ओतावा. फळ शिरक्यात बुडालेले राहावे. झाकण लावून दोन-तीन दिवस थंड, अंधाऱ्या जागी किंवा फ्रीजमध्ये ठेवावे आणि रोज हलवावे. मग फडक्यातून गाळून, हलके पिळून रस मोजावा. एक लिटर रसाला एक किलो साखर घालून एक उकळी आणावी. वर आलेला फेस काढून गरम बाटल्यांत भरावे. भरलेल्या बाटल्या झाकण लावून वीस मिनिटे गरम पाण्यात, पाणी खळखळू न देता, ठेवाव्यात. हा पाक पहिले आठ दिवस उग्र लागतो. नंतर चव मुरते. सहा महिन्यांच्या आत संपवावा. बाटली उघडल्यावर फ्रीजमध्ये ठेवावी. फ्रीज नसेल तर पावशेरी बाटल्याच भराव्यात, म्हणजे उघडलेली बाटली दोन-चार दिवसांत संपेल.

शिरका कोणता घ्यावा? बाटलीवरचे लेबल वाचावे. आंबवून केलेला शिरका असेल तर तोच घ्यावा. ‘सिंथेटिक’ लिहिलेला शिरका अ‍ॅसिटिक आम्लात पाणी घालून केलेला असतो. त्याला फळाचा वा माडाचा स्वाद नसतो. कायद्याने शिरक्यात शंभर मिलिलिटरला किमान ३.७५ ग्रॅम आम्ल असावे लागते. घरी केलेल्या माडाच्या शिरक्याची ताकद प्रत्येक खेपेला वेगळी असते, म्हणून तो वापरल्यास पाक फ्रीजमध्येच ठेवावा. प्रयोगशाळेत किंवा रबराच्या बागेत वापरतात ते तीव्र अ‍ॅसिटिक आम्ल घरात आणूसुद्धा नये. त्याने तोंड आणि अन्ननलिका भाजते.

पपई, कलिंगड, चिकू ही फळे गोड असली तरी आंबट नाहीत. त्यांचा नुसता साखरेचा पाक घरी करून साठवू नये. आंबटपणा कमी आणि बाटली हवाबंद, अशा ठिकाणी अत्यंत विषारी जंतू वाढण्याचा धोका असतो.

बाटली बिघडली हे कसे ओळखावे?

वर बुरशीचा पापुद्रा दिसला, झाकण उघडताना फस्स आवाज झाला, फेस आला किंवा दारूसारखा वास आला, तर ती बाटली ओतून द्यावी. वरची बुरशी काढून खालचा पाक मुलांना देणे ही काटकसर नव्हे.

पुष्कळदा साखर बरोबर असूनही वरच बुरशी येते. याचे कारण बाटलीच्या मानेत असते. बाटली किंवा झाकण ओले राहिले, किंवा अर्धी बाटली भरून गरम असतानाच बंद केली, तर वाफेचे थेंब पाकावर पडतात. तेवढाच वरचा थर पातळ होतो आणि जंतूंना जागा मिळते. म्हणून बाटली पाण्यातून काढल्यावर निथळून कोरडी होऊ द्यावी आणि वर बोटभर जागा सोडून भरावी. ज्या पाकाला उकळी दिली नाही, तो कोरड्या थंड बाटलीत भरावा.

आता पेल्याचा विचार

येथपर्यंत बाटलीचे झाले. आता पिणाऱ्याकडे वळू.

अमृत कोकमाचा किंवा बोंडूचा पाक दोन मोठे चमचे, म्हणजे ३० मिलिलिटर, एका पेल्यात घातला तर त्यात सुमारे २५ ग्रॅम साखर जाते. म्हणजे चहाचे पाच चमचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले आहे की, वरून घातलेल्या साखरेतून दिवसाच्या उष्मांकांपैकी एक दशांशाहून कमीच यावेत आणि ते विसाव्या हिश्श्यापर्यंत आणता आले तर आणखी चांगले. हा विसावा हिस्सा मोठ्या माणसासाठी दिवसाला सुमारे २५ ग्रॅम होतो. एका पेल्यातच दिवसाची साखर संपली! आणि पाहुणा आला की आपण आग्रहाने दुसरा पेला भरतो.

म्हणून पाक निम्मा करावा. एका मोठ्या पेल्याला एकच मोठा चमचा पुरे. चव फिकी लागली तर साखर न वाढवता आंबट वाढवावे: कोकमात थोडे आगळ, बोंडूत लिंबू. चिमूटभर मीठ आणि जिरे घातले की कमी गोडीचे सरबतही भरल्यासारखे लागते. शिरक्याचा पाक या कामी सर्वांत चांगला. त्याच्या एका चमच्यात साखर दहा ग्रॅमच्या आसपास असते आणि आंबटपणामुळे ती कमी वाटत नाही.

पुढील गोष्टी घरातल्या सर्वांनी जाणून घ्याव्यात.

१. मधुमेह असलेल्यांना हे पाक देऊ नयेत. त्यांच्यासाठी आगळ, मीठ, जिरे आणि पाणी यांचे बिनसाखरेचे कोकम करावे. रक्तदाबाचा त्रास असेल तर आगळ बेतानेच, कारण त्यात मीठ पुष्कळ असते. गूळ किंवा मध घातला म्हणजे चालते, हाही समज खोटा आहे, तीही साखरच.

२. शिरका प्यायल्याने मधुमेह बरा होतो असे कोणी सांगितले तरी गोळ्या किंवा इन्सुलिन बंद करू नये.

३. शिरका किंवा त्याचा पाक पाण्यावाचून कधीही पिऊ नये. घसा व दातांचे आवरण यांना इजा होते. आंबट सरबत घोट-घोट तासभर पीत बसू नये. प्यायल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी. ज्यांना पित्ताचा किंवा जठराच्या व्रणाचा त्रास आहे त्यांनी ते टाळावे.

४. जुलाब लागलेल्या मुलाला गोड सरबत देऊ नये. जास्त साखरेने जुलाब वाढतात. त्याला ओआरएसची पुडी पाण्यात विरघळवून द्यावी. पुडी नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात साखर सहा सपाट चहाचे चमचे आणि मीठ अर्धा सपाट चमचा, एवढेच घालावे आणि दवाखाना गाठावा.

५. एक वर्षाच्या आतील बाळाला मध घातलेले कोणतेही पेय देऊ नये.

६. पाक कितीही चांगला असला तरी पाणी अशुद्ध असेल तर सरबत अशुद्धच. पाणी उकळून गार केलेले वापरावे. बाहेरचा बर्फ घालू नये.

विकायचे असेल तर

फेस्ताच्या किंवा बाजाराच्या दिवशी चार बाटल्या विकाव्यात असे पुष्कळ भगिनींना वाटते, आणि ते योग्यच आहे. पण विकण्यासाठी अन्नसुरक्षा खात्याकडे नोंदणी करावी लागते. लहान प्रमाणावर करणाऱ्यांनाही यातून सूट नाही. २०११ सालच्या नियमांनुसार फळांच्या सरबताच्या पाकात फळाचा रस किमान शेकडा २५ आणि विद्राव्य घटक, म्हणजे मुख्यतः साखर, किमान शेकडा ६५ असावे लागतात. वर दिलेले कोकमाचे आणि बोंडूचे प्रमाण तोलून पाळले तर पाक या मापाजवळ बसतो. पण विकण्याआधी साखर मोजणाऱ्या लहान दुर्बिणीसारख्या उपकरणाने प्रत्येक खेप तपासून घ्यावी. शिरक्याच्या पाकात साखर कमी असल्यामुळे तो या नावाने विकता येणार नाही. तो घरासाठीच ठेवावा.

टिकाऊ पावडरी घरच्या पाकाला लागत नाहीत. विक्रीसाठी घालायच्याच असतील तर कोकम, जांभूळ, करवंद अशा लाल-जांभळ्या रसांत गंधकाची पावडर घालू नये, त्याने रंग उडतो; तेथे सोडियम बेन्झोएट वापरतात, तेही किलोला अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, काट्यावर तोलून. चिमटीने कधीच नाही. वेष्टनावर नाव, घटक, तारीख आणि ‘पाणी घालून प्यावे’ ही सूचना लिहावी.

या हंगामात एवढे करा. पहिल्याच वर्षी दहा किलोंच्या मागे लागू नका. एक किलो रातांब्यांच्या साली, दोन किलो साखर आणि एक बरणी, एवढ्यावर सुरुवात करा. एक किलो करवंदे अर्धा लिटर शिरक्यात घालून पाहा. प्रत्येक बाटलीवर तारीख लिहा. पाऊस लागल्यावर महिन्यातून एकदा बाटल्या उजेडात धरून बघा. ज्या टिकल्या, त्यांचे प्रमाण वहीत नोंदवा आणि शेजारणीलाही सांगा. पुढच्या मार्चमध्ये पहिला बोंडू पिकेल, तेव्हा तराजू, बाटल्या आणि वही आधीच तयार असू द्या.